सवय नसलेले कवच



एला खोऱ्यातील ती घटना आपणां सर्वांस बालपणापासून ठाऊक आहे. शब्बाथ शाळेत आपल्याला गोफण सांगितली गेली, ओढ्यातील पाच गुळगुळीत गोटे सांगितले गेले आणि कोसळणारा गल्याथ सांगितला गेला. परंतु त्याआधी घडलेल्या एका लहानशा प्रसंगावरून आपण बहुधा घाईने पुढे जातो. शौल राजाने स्वतःची युद्धसामग्री दाविदाच्या अंगावर चढविली. डोक्यावर पितळी टोप घातला, अंगात चिलखत घातले, आणि दाविदाने त्यावर तलवार बांधून चालून पाहिले. मग त्याने ते सारे उतरवून ठेवले. त्याने चिलखताला नावे ठेवली नाहीत, किंवा राजाच्या हेतूविषयी शंका घेतली नाही. ह्या वस्तू आपल्या सवयीच्या नाहीत, एवढेच त्याने सांगितले (१ शमुवेल १७:३८-३९).

भाषांतराच्या मेजावर ह्या वचनापाशी मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. आपण ज्याला 'सवय' म्हणतो तेथे मूळ इब्री भाषेत पारखण्याचे, कसाला लावून पाहण्याचे क्रियापद आहे. देवाने अब्राहामाची परीक्षा पाहिली असे उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे, तेथेही हेच क्रियापद येते. म्हणजे दाविदाचे म्हणणे केवळ 'हे मला अवघडल्यासारखे वाटते' एवढेच नव्हते. 'मी ह्यांना पारखलेले नाही आणि ह्यांनी मला पारखलेले नाही. आमची ओळख झालेली नाही,' असा त्याचा अर्थ आहे. चिलखत उत्तम होते, राजाचे होते, आणि देणाऱ्याचा हेतूही चांगला होता. तरीही त्या घटकेला ते संरक्षण नसून ओझे होते.

हा प्रसंग माझ्या मनात पुन्हा जागा झाला तो जबलपूर येथे. एका रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतील एक बंधू माझ्याजवळ येऊन बसले. वय पन्नाशी ओलांडलेले. काम लोको पायलटचे. पूर्वी ह्याच कामाला आपण ड्रायव्हर म्हणत असू. त्यांच्या उमेदीची वर्षे डिझेल इंजिनावर गेली. मग विजेच्या इंजिनाचा अभ्यास करून त्यांनी परीक्षा दिली, आणि आता नव्या सुरक्षा यंत्रणेच्या शिक्षणासाठी पुन्हा बाकावर बसावयाचे होते. ते तक्रार करीत नव्हते. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "अहो, तुम्ही शास्त्र शिकलेले आहात म्हणून विचारतो. इंजिनातला पडदा एक सांगेल, माझे डोळे दुसरे सांगतील, आणि त्या घटकेला मी चुकलो, तर ते पाप कोणाच्या खात्यावर? माझ्या की यंत्राच्या?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

जबलपूरचे रूळ

जबलपूर हे नाव आपल्या देशाच्या रेल्वेच्या इतिहासात फार जुने आहे. १८७० साली मुंबईकडून आलेले ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ आणि अलाहाबादकडून आलेले ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ येथे एकमेकांस मिळाले, आणि मुंबई व कलकत्ता ही दोन बंदरे लोहमार्गाने जोडली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून सातपुड्याच्या रानांतून येणारी नॅरोगेज गाडी ह्या शहराला येऊन मिळाली. विदर्भातील कित्येक कुटुंबांचे जबलपूरशी असलेले येणेजाणे त्या चिमुकल्या गाडीनेच सांभाळले. २०१५ च्या ऑक्टोबरात तिचा जबलपूर ते नैनपूर हा भाग बंद झाला आणि पुढे तेथे ब्रॉडगेजचे रूळ आले. १ एप्रिल २००३ पासून जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. जबलपूर, भोपाळ आणि कोटा हे तिचे तीन विभाग होत. २०२१ साली ह्या क्षेत्रातील मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण झाले, आणि संपूर्ण विद्युतीकरण झालेले देशातील पहिले रेल्वे क्षेत्र होण्याचा मान त्याला मिळाला.

वाचकहो, ही वाक्ये वाचताना आपल्या डोळ्यांसमोर रूळ, तारा आणि खांब येतात. परंतु प्रत्येक वाक्याच्या मागे माणसे आहेत. आपल्या देशात ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित गाडी १९९५ च्या डिसेंबरात थांबली, तेव्हा इंजिनात कोळसा लोटणारा फायरमन डिझेल इंजिनावर असिस्टंट झाला. डिझेल गेले तेव्हा त्याचा पायलट विजेच्या इंजिनावर गेला. ज्या कानांनी तो इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखीत असे, त्या कानांना नवा आवाज शिकावा लागला. भुसावळ, मनमाड, दौंड, इगतपुरी, सोलापूर, नागपूर अशा गावांतील आपल्या मंडळ्यांमध्ये ज्यांचे बालपण रेल्वेच्या वसाहतीत गेले, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. घरातील वडील मंडळी चाळिशीनंतर चष्मा लावून कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात नियमांचे पुस्तक पाठ करीत बसलेली त्यांनी पाहिली आहेत.

आता 'कवच' आले आहे. हे नाव आपल्या देशातील स्वयंचलित गाडी-सुरक्षा यंत्रणेचे असून २०२० साली ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. रुळांमध्ये बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक खुणा, स्थानकातील यंत्रे, मार्गालगतचे मनोरे आणि इंजिनातील संगणक ह्यांचा रेडिओच्या लहरींवरून एकमेकांशी अखंड संवाद चालतो. पुढचा सिग्नल पायलटला इंजिनातल्या पडद्यावर दिसतो. धोक्याचा सिग्नल ओलांडला जाण्याची अथवा वेगाची मर्यादा मोडण्याची वेळ आली आणि पायलटने ब्रेक लावला नाही, तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. २०२५ च्या जुलैमध्ये दिल्ली-मुंबई मार्गावरील मथुरा ते कोटा ह्या टप्प्यावर तिची सुधारित आवृत्ती कार्यान्वित झाली. हा कोटा विभाग जबलपूरच्याच अखत्यारीतील आहे.

धुक्यात सिग्नल न दिसल्यामुळे ज्यांचे प्राण गेले त्यांची आठवण ठेवून मी म्हणतो की ही यंत्रणा देवाच्या कृपेचे दान आहे. तिच्याविरुद्ध मला काहीही म्हणावयाचे नाही. शौलाचे चिलखतही खरेच होते. प्रश्न एवढाच आहे की ते अंगावर चढविण्यापूर्वी अंगाची आणि चिलखताची ओळख करून देण्याचे काम कोणाचे?

हातांतील ज्ञान

आपल्या समाजात 'ज्ञान' हा शब्द पुस्तकाशी जोडण्याची जुनी खोड आहे. पवित्र शास्त्राची रीत वेगळी आहे. इब्री भाषेत शहाणपणासाठी 'होख्मा' हा शब्द आहे. नीतिसूत्रांत ज्या शहाणपणाची थोरवी गायिली आहे ते हेच. परंतु निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेलाला जे कौशल्य मिळाले, तेही होख्माच. आपल्या हातांनी सूत कातणाऱ्या स्त्रियांच्या ठायी जे होते, तेही होख्माच. आणि एकशे सातव्या स्तोत्रात वादळात सापडलेल्या खलाशांची अक्कल गुंग झाली असे वर्णन आहे. तेथेही मूळ शब्द तोच आहे. माणसे आणि माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणाऱ्या कामगाराचे ज्ञान आणि शलमोनाचे ज्ञान ह्यांना शास्त्र एकाच नावाने हाक मारते.

बसालेलाच्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या दृष्टीने ह्या विषयाचा गाभा आहे. देवाने त्याला आत्म्याने परिपूर्ण करून सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड ह्यांचे काम करण्याची बुद्धी दिली. परंतु तेवढ्यावर वर्णन संपत नाही. त्याला आणि अहलियाबाला दुसऱ्यास शिकविण्याचेही मन दिले, असे त्यापुढे मुद्दाम सांगितले आहे (निर्गम ३५:३४). जर देवाच्या मंडपाचे काम शिकविणाऱ्यावाचून पुरे होत नाही, तर मनुष्याच्या कोणत्या कामात शिक्षणाला शेवटची जागा देता येईल? यंत्र विकत घेतले, बसविले आणि त्याचे उद्घाटन केले म्हणजे काम झाले असे नव्हे. ज्या दिवशी ते यंत्र शेवटच्या कामगाराच्या हाताला ओळखीचे होते, त्या दिवशी ते काम पुरे होते.

आधी देणे, मग मागणे

ज्याला पुष्कळ दिले आहे त्याच्याजवळून पुष्कळ मागितले जाईल, अशा आशयाचे आपल्या प्रभूचे वचन आपल्या चांगल्या परिचयाचे आहे (लूक १२:४८). आपण त्याचा उपयोग बहुधा दानधर्माच्या उपदेशात करतो. परंतु त्यातील क्रम पाहा. देणे आधी आहे, मागणे नंतर आहे. ज्याला दिलेच नाही त्याच्याजवळून मागणारा धनी ह्या वचनात नाही. असा धनी शास्त्रात अन्यत्र आहे, आणि त्याचे नाव फारो. त्याने इस्राएल लोकांना विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली. संख्या भरली नाही तेव्हा फटके नायकांच्या पाठीवर बसले (निर्गम ५). साधन काढून घेणे आणि हिशेब तोच मागणे, ही शास्त्राच्या दृष्टीने जुलमाची खूण आहे. यंत्रयुगात ज्ञान हाच पेंढा आहे. नवी यंत्रणा हाती देऊन तिचे शिक्षण पुरेसे न देणे, आणि चूक घडताच सर्वांत खालच्या माणसाला निलंबित करणे, हे कोणत्याही कार्यालयात, कारखान्यात वा इस्पितळात घडो, फारोचेच राज्य आहे.

ह्या ठिकाणी एका दुःखद घटनेचे स्मरण करणे भाग आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकापाशी तीन गाड्यांचा भीषण अपघात झाला आणि २९० हून अधिक माणसे मरण पावली. कोरोमंडल एक्सप्रेसच्या पायलटला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला होता, पण सांधे मात्र बाजूच्या मार्गाला लागलेले होते, आणि त्या मार्गावर मालगाडी उभी होती. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलांतील त्रुटी हे कारण दाखविण्यात आले. म्हणजे पायलटने जे पाहिले ते पाळले. यंत्र आपल्या मनाने खोटे बोलत नाही. ज्या हातांनी तारा जोडल्या आणि ज्या डोळ्यांनी ते काम तपासावयाचे होते, त्यांची चूक यंत्र इमानाने पुढे पोहोचविते, एवढेच.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदली आहे. एक वर्ष आधी, १६ मे २०२२ रोजी, खरगपूर विभागातील बांकरा नयाबाज स्थानकावर चुकीच्या जोडणीमुळे अशाच प्रकारची घटना घडली होती. तेव्हाच योग्य ती दुरुस्ती झाली असती तर हा अपघात टळला असता. हे वाचताना मोशेच्या नियमशास्त्रातील मारक्या बैलाचा नियम आठवल्यावाचून राहत नाही (निर्गम २१:२८-२९). बैलाने प्रथमच कोणाला हुंदडून मारले, तर मालक निर्दोष आहे. परंतु बैल पूर्वीपासून मारका असून, मालकाला तशी सूचना मिळूनही त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर मालक दोषी आहे. वाचकहो, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा नियम किती सूक्ष्म आहे! तो बैलाला काय कळत होते असे विचारीत नाही, मालकाला काय कळले होते असे विचारतो. दोष ज्ञानाच्या मागोमाग जातो. ज्याला पूर्वसूचना होती, ज्याच्या हाती थांबविण्याचा आणि शिकविण्याचा अधिकार होता, त्याच्याकडे दोषाचा मोठा वाटा जातो.

विसरण्याचा धोका

येथवर नवे शिकण्याविषयी लिहिले. परंतु प्रशिक्षणाचा दुसराही एक अर्थ आहे, आणि तो आपण सहसा ध्यानात घेत नाही. नवे शिकताना जुने पूर्णपणे विसरू नये, हाही शिक्षणाचाच भाग होय.

१७ जून २०१५ रोजी भोपाळ विभागातील इटारसी ह्या मोठ्या जंक्शनवर सिग्नल व सांधे चालविणाऱ्या रिले केबिनला आग लागली. देशाच्या चारी दिशांचे मार्ग जेथे एकमेकांस छेदतात त्या ठिकाणचा मेंदूच जणू जळाला. शेकडो गाड्या रद्द झाल्या किंवा दुसऱ्या मार्गांनी वळविल्या गेल्या. नवी यंत्रणा सुमारे पाच आठवड्यांत उभी राहिली. तोवर ज्या थोड्या गाड्या तेथून जाऊ शकल्या त्या कशाच्या बळावर? एरवी बटण दाबून होणाऱ्या कामासाठी माणसे रुळांत उतरली. सांधे हातांनी फिरवावयाचे, ते सरकू नयेत म्हणून पक्के आवळावयाचे आणि मग गाडी धिमेपणे पुढे न्यावयाची, ही सांधेवाल्याची जुनी विद्या त्या पावसाळ्यात पुन्हा कामास आली. ती विद्या कोणाच्याच हातांत उरली नसती, तर त्या पाच आठवड्यांत काय झाले असते, ह्याचा विचार करावा.

ह्याच्या उलट घटना आकाशात घडली. १ जून २००९ रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि त्यातील सर्व २२८ जण मृत्यू पावले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचून वेगाचे आकडे चुकू लागले, स्वयंचलित चालक बंद पडला आणि विमान वैमानिकांच्या हातांत आले. काय घडत आहे हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत फार उशीर झाला होता. इतक्या उंचीवर विमान हातांनी सांभाळण्याचे शिक्षण त्यांना पुरेसे मिळाले नव्हते, असे चौकशीत दिसून आले. रोज सारे काही करणारे यंत्र ज्या एका क्षणी मनुष्याला हाक मारते, तो क्षण सर्वांत कठीण असतो; आणि त्या क्षणासाठीच मनुष्य सर्वांत कमी तयार असतो. म्हणून कवच आले म्हणजे पायलटने कमी शिकावे असे होत नाही, त्याने अधिक शिकावे असे होते.

ज्याला शिकता येत नाही त्याचे काय?

आता कोणी रास्त आक्षेप घेईल. रेल्वे ही कामगारांच्या समाधानासाठी चालत नाही. गाडीत हजारो प्रवासी असतात आणि त्यांच्या जिवाशी खेळ करता येत नाही. एखाद्याला नवी यंत्रणा शिकता येत नसेल तर दयेपोटी त्याला इंजिनात बसू द्यावे काय?

मुळीच नाही. माझे म्हणणे तसे नाही. दया आणि ढिलाई ह्या एक नव्हेत. ज्याची दृष्टी अधू झाली त्याला इंजिनावरून उतरविलेच पाहिजे, आणि ते त्याच्याही हिताचे आहे. परंतु उतरविणे आणि टाकून देणे ह्यांत अंतर आहे. आपल्या देशाच्या कायद्याने हे अंतर ओळखले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या अधिनियमाप्रमाणे, सेवेत असताना ज्याला अपंगत्व आले त्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये. त्याला तेवढ्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या योग्य कामावर घ्यावे. शरीराने थकलेल्यासाठी जे न्याय्य ठरले, ते काळाच्या वेगामुळे मागे पडलेल्यासाठी अन्याय्य कसे ठरेल? २००८ साली परवानाधारक हमालांना रेल्वेत गँगमन म्हणून घेण्याचा निर्णय झाला होता. त्यातील गुणदोष बाजूस ठेवले तरी त्यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्यांच्या खांद्यावर ही संस्था इतकी वर्षे चालली, त्यांचा भार संस्थेने उचलावा.

गँगमनवरून आणखी एक गोष्ट आठवली. रोज मैलोगणती रूळ चालून तपासणाऱ्या कामगारांना अलीकडे जी.पी.एस. उपकरणे दिली जातात. एकट्या रानात असलेल्या माणसाला संकटात हाक मारता यावी हा त्याचा एक उपयोग. तो किती चालला, कोठे बसला हे पाहणे हा दुसरा. यंत्र एकच आहे. ते मेंढपाळाची काठी होणार की मुकादमाचा चाबूक होणार, हे यंत्र ठरवीत नाही. ते देताना त्या माणसाला किती समजावून सांगितले, त्याच्या भाषेत सांगितले काय, आणि त्याचे किती ऐकून घेतले, ह्यावर ते ठरते. एज्राच्या काळी लेवी लोकांनी नियमशास्त्र नुसते वाचले नाही, त्याचा अर्थ लोकांना उमजेल असा उलगडून सांगितला (नहेम्या ८:८). जे ऐकणाऱ्याला उमजले नाही ते दिले असे म्हणता येत नाही, हे आम्हां भाषांतरकारांना आमच्या चुकांनी शिकविले आहे.

शिकणाऱ्याचे कर्तव्य

ऋण दोन्ही बाजूंनी असते. पन्नाशीच्या माणसाला आपल्या मुलाच्या वयाच्या शिक्षकासमोर बसणे जड जाते. हे केवळ डोळ्यांचे वा स्मरणशक्तीचे दुखणे नव्हे, त्यात अभिमानही असतो. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लो नावाचा वक्ता आहे. शास्त्रात निपुण, बोलण्यात समर्थ. परंतु त्याचे ज्ञान एका ठिकाणी अपुरे होते. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला ह्या तंबू करणाऱ्या दांपत्याने ते ओळखले. त्यांनी सभास्थानात उभे राहून त्याची चूक काढली नाही. त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (कृत्ये १८:२६). शिकविणाऱ्यांनी त्याचा मान राखला आणि शिकणाऱ्याने आपला अभिमान सोडला. प्रौढ माणसाला शिकविण्याची ह्याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

आपल्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजाला ही गोष्ट अपरिचित नसावी. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि तेथून निराधार मुली व स्त्रिया त्यांनी महाराष्ट्रात नेल्या. जबलपूर तेव्हा ह्याच प्रांतात होते. केडगावच्या मुक्ती सदनात त्या स्त्रियांना जे अनेक उद्योग शिकविले गेले त्यांत छापखान्याचेही काम होते. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले मराठी शास्त्र त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, त्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे आश्रमातील स्त्रियांनी जुळविले. ज्यांना अक्षरओळखही मिळाली नसती, त्यांचे हात त्या काळच्या यंत्राला सरावले, ते कोणीतरी धीराने शिकविले म्हणून. मी त्याच कामात आहे. म्हणून त्या स्त्रियांचे ऋण मला रोज आठवते.

मग आपल्या मंडळ्यांना आज काही करता येणार नाही काय? कित्येक मंडळ्यांत एका बाकावर अभियांत्रिकी पदविका घेतलेला तरुण बसतो आणि दुसऱ्या बाकावर संगणकाच्या परीक्षेची धास्ती घेतलेला गँगमन, लिपिक किंवा बसवाहक बसतो. दोघे एकच प्रभुभोजन घेतात आणि एकमेकांना काही न विचारता घरी जातात. आठवड्यातील एक संध्याकाळ, मंडळीची एक खोली आणि प्रिस्किल्लेचा धीर, एवढ्यावर पुष्कळ होण्यासारखे आहे.

त्या बंधूंना उत्तर

आता त्या बंधूंच्या प्रश्नाकडे येतो. पाप कोणाच्या खात्यावर?

बंधो, यंत्राला खाते नाही. खाती सारी माणसांचीच आहेत. आपल्याला नीट शिकविले असून आपण आळसाने वा गर्वाने शिकला नाहीत, तर दोष आपला. आपल्याला शिकविलेच नाही आणि गाडी मात्र हाती दिली, तर मोठा दोष देणाऱ्याचा. परंतु ह्या दोहोंमध्ये तिसरी एक स्थिती आहे आणि बहुतेक माणसे तीतच असतात. शिकविले, पण पुरते उमजले नाही. आणि उमजले नाही हे सांगण्याची लाज वाटली किंवा भीती वाटली. सर्वांत मोठा धोका येथे आहे. म्हणून मी आपल्याला दाविदाचे स्मरण देतो. त्याचे पहिले धैर्य गल्याथापुढे नव्हे, तर शौलापुढे दिसले. सारे सैन्य पाहत असताना एका मेंढपाळ पोराने राजाला सांगितले की हे मला जमत नाही. आपणही सांगा. 'मला अजून सवय नाही, मला आणखी एकदा दाखवा,' हे वाक्य उच्चारण्यात हार नाही. आपल्या मागे झोपलेल्या प्रवाशांवरील ते प्रेम आहे.

आणि जे शौलाच्या जागी आहेत त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की शौलाने दाविदाला त्या उत्तराबद्दल शिक्षा केली नाही. ज्या कचेरीत, ज्या शेडमध्ये, ज्या वर्गात हे वाक्य बोलणाऱ्याला हसू किंवा शिक्षा मिळते, तेथे ते वाक्य कोणीही बोलणार नाही, आणि न बोललेले ते वाक्य एखाद्या रात्री रुळांवर आडवे पडलेले असेल.

पौलाचे तारू वादळात सापडले होते तेव्हा कोणाच्याही जिवाची हानी होणार नाही असे अभिवचन देवाच्या दूताने दिले होते. तरीही खलाशी होडीत उतरून पळून जाऊ लागले, तेव्हा पौलाने शताधिपतीला सांगितले की ही माणसे तारवात राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही (कृत्ये २७:३१). अभिवचन देवाचे होते आणि ते खरे होते. परंतु ते पुरे होण्यासाठी दोर, शीड आणि सुकाणू जाणणारे हात तारवात असणे आवश्यक होते. मग जे कवच मनुष्याने घडविले आहे त्याला जाणत्या हातांची गरज किती अधिक असेल!

पुढच्या वेळी आपण रात्रीच्या गाडीत बसाल आणि गाडी इटारसी सोडून जबलपूरच्या दिशेने धावू लागेल, तेव्हा निजण्यापूर्वी नेहमीप्रमाणे प्रार्थना कराल. त्या प्रार्थनेत पुढे इंजिनात जागणाऱ्या दोघांची आठवण ठेवा. ते एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगत असतील. त्यांना जे ठाऊक आहे त्याबद्दल देवाचे आभार माना, आणि जे अजून ठाऊक नाही ते त्यांना धीराने शिकविणारा कोणी भेटो, अशी विनंती करा.